डीएनएची अचूक नक्कल: श्रेय पॉलिमरेजचे किती, सोबतच्या प्रथिनांचे किती?

शापोराकाठ

नमस्कार मंडळी. बारावीला डीएनए रिप्लिकेशन शिकवताना फळ्यावर हेलिकेज, प्रायमेज, पॉलिमरेज, लायगेज काढले जातात आणि "पॉलिमरेज स्वतःच्या चुका तपासते" या वाक्यावर धडा संपतो. मुले तिथेच थांबत नाहीत. त्यांचे तीन प्रश्न मांडतो.

एक, एकटे पॉलिमरेज किती चुका करते आणि पेशीत शेवटी किती उरतात? दोन, क्लॅम्प, क्लॅम्प लोडर, एसएसबी ही सोबतची प्रथिने नुसता वेग वाढवतात की अचूकपणाही? तीन, ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए काही पुस्तकांत १८ मिनिटांत कॉपी होतो, काहींत ४० मिनिटांत. खरे काय?

फोंडा, मडगाव, म्हापसा, कुठल्याही हायर सेकंडरीत वापरता येईल असे उत्तर हवे. आकडे नक्की द्या, मुले गुणाकार करून बघतात.

---

म्हादई

शापोरा सर, आधी हिशेब. माणसाच्या पेशीत सुमारे ६.४ अब्ज बेसजोड्या असतात, म्हणजे विभाजनानंतर प्रत्येक कन्यापेशीच्या वाट्याला ६.४ अब्ज नवे बेस येतात. पॉलिमरेजच्या खाचेत योग्य जोडी मापात बसते, चुकीची बसत नाही. एवढ्याच निवडीवर १० हजार ते १ लाख बेसमागे एक चूक होते. लाखात एक धरली तरी ६४,००० चुका झाल्या. प्रूफरीडिंगमुळे, म्हणजे पॉलिमरेजने स्वतः चुकीचा बेस कापून टाकल्यामुळे, त्या साधारण शंभरपट घटतात, ६४० उरतात. कॉपीनंतर चुकीच्या जोड्या शोधणारी मिसमॅच दुरुस्ती त्या आणखी शंभर ते हजारपट कमी करते. मग उरतात एकापासून सहा-सातपर्यंत. मुलांना हा गुणाकार करायला द्याच.

आता सोबतची प्रथिने. ई. कोलायच्या पॉलिमरेज ३ चा नुसता गाभा घेतला तर तो सेकंदाला वीसेक बेस जोडतो आणि दहा-बारा बेसनंतर डीएनएवरून सुटतो. त्याला बीटा क्लॅम्प दिला की तेच एन्झाइम सेकंदाला हजाराच्या आसपास बेस जोडते आणि हजारो बेस न सुटता चालते. जोडणी करणारी खाच तीच आहे, बदलली ती फक्त पकड.

ही पकड म्हणजे एक कडे आहे. क्युरियन आणि ओ'डॉनेल यांच्या गटांनी १९९२ मध्ये बीटा क्लॅम्पची रचना दाखवली तेव्हा ते स्पष्ट झाले. दोन सारखी प्रथिने जोडून झालेले कडे, मधल्या भोकाचा व्यास सुमारे ३.५ नॅनोमीटर. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे आत सैल जागा राहते आणि तिथे पाणी असते. भोकाच्या आतल्या बाजूला धन भाराचे लायसिन आणि आर्जिनिन असतात, डीएनएचा कणा ऋण भाराचा. त्यामुळे कडे डीएनएला चिकटून बसत नाही, पण त्याच्यापासून दूरही जात नाही.

जत्रेतल्या नाटकाचा पडदा आठवा. तारेवर कड्या ओवलेल्या असतात. कडी तारेला बांधलेली नसते म्हणून पडदा झरझर सरकतो, आणि ओवलेली असते म्हणून खाली पडत नाही. तार म्हणजे डीएनए, पडदा म्हणजे पॉलिमरेज.

आपल्या पेशीतले कडे म्हणजे पीसीएनए. त्यात तीन सारखे भाग असतात, प्रत्येकी २६१ अमिनो आम्लांचे. नाव लांबलचक आहे, प्रॉलिफरेटिंग सेल न्यूक्लिअर अँटिजेन, कारण ते १९७८ मध्ये ल्युपस या स्वप्रतिकार आजाराच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे सापडले. त्याचे काम काय, ते नंतर कळले. जीवाणूच्या कड्यात दोन भाग, आपल्यात तीन, तरी दोन्हींत एकूण सहा कप्पे आणि आकार जवळजवळ एकच. फळ्यावर दोन्ही शेजारी-शेजारी काढण्यासारखी आहेत.

---

चोडण फेरी

कडे बंद असेल तर ते डीएनएवर चढते कसे? गुणसूत्र मध्ये कापता येत नाही, आणि ओवायला टोक जवळ नसते.

---

म्हादई

त्यासाठीच क्लॅम्प लोडर आहे. आपल्यात त्याचे नाव आरएफसी, पाच भागांचा. पायऱ्या अशा: आरएफसी एटीपी धरतो, मग कड्याला चिकटून त्याचा एक सांधा उघडतो. उघडे कडे घेऊन तो प्रायमर (कॉपीची सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) संपतो ती जागा शोधतो, म्हणजे दुहेरी डीएनए संपून एकेरी सुरू होतो ते ३ प्राइम टोक. डीएनए आत बसला की एटीपीचे विघटन होते, कडे मिटते आणि लोडर निघून जातो.

तो निघून जाणे फार महत्त्वाचे आहे. कड्याच्या ज्या बाजूवर आरएफसी बसलेला असतो त्याच बाजूवर पॉलिमरेजला बसायचे असते. एटीपीऐवजी ज्याचे विघटन जवळजवळ होत नाही असे एटीपी-गॅमा-एस दिले, तर लोडर कडे डीएनएवर नेतो पण जागा सोडत नाही आणि काम अडून राहते.

आणि हे एकदाच होत नाही. लॅगिंग स्ट्रँड छोट्या-छोट्या ओकाझाकी तुकड्यांत लिहिला जातो, आणि प्रत्येक तुकड्याला नवे कडे लागते. आपल्या पेशीत हे तुकडे १०० ते २०० बेसचे. १६५ धरून ६.४ अब्जांना भागा: एका विभाजनात जवळपास ३.९ कोटी वेळा कडे चढवावे लागते. काम झाल्यावर उतरवणाराही वेगळा आहे, माणसात एटीएडी५, यीस्टमध्ये एल्ग१. तो नसला तर कडी डीएनएवर साचून राहतात आणि जीनोम अस्थिर होतो.

---

सुरंगी

एसएसबी आणि आरपीएचा (एकेरी डीएनए झाकणारी प्रथिने, पहिले जीवाणूत, दुसरे आपल्यात) विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते. पुस्तकात "एकेरी डीएनए पुन्हा जुळू नये म्हणून" एवढे एक वाक्य असते. ते खरे आहे, पण त्यात निम्मीही गोष्ट येत नाही.

एकेरी डीएनए मोकळा राहिला की स्वतःवरच दुमडतो, त्याचे केसाच्या पिनेसारखे लूप होतात. पॉलिमरेज लुपाशी अडखळते. कधी ते लुपाच्या अलीकडच्या क्रमावरून उडी मारून पलीकडच्या तशाच क्रमावर जाते आणि मधला तुकडा कॉपीतून गळतो. यीस्टच्या पॉलिमरेज डेल्टावर (मुख्य कॉपी करणाऱ्या पॉलिमरेजपैकी एक) नळीत केलेल्या प्रयोगांत नेमके हेच दिसते: एकसारख्या दोन क्रमांमधला भाग गळण्याची चूक आरपीए आणि पीसीएनए घातल्यावर खूप कमी होते. म्हणजे शापोरा सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे एक थेट उत्तर इथे आहे.

मापे: ई. कोलायचे एसएसबी चार भागांचे, एक रेणू ३५ किंवा ६५ बेस झाकतो, क्षार किती त्यावर अवलंबून. आपले आरपीए तीन भागांचे, ७०, ३२ आणि १४ किलोडाल्टन, साधारण ३० बेस झाकते. एसएसबी नुसते पांघरूण नाही, त्यावरून कामाची अदलाबदलही होते. ई. कोलायमध्ये प्रायमेज प्रायमर बनवून झाल्यावर एसएसबीला धरून तिथेच बसून राहते. क्लॅम्प लोडरचा 'काय' (ग्रीक अक्षर χ) नावाचा भाग त्याच एसएसबीला धरतो, प्रायमेज सुटते आणि कडे चढायला जागा होते.

आरपीएचा साठा अमर्याद नसतो. एकाच वेळी फार ठिकाणी एकेरी डीएनए उघडा पडला तर आरपीए पुरत नाही, आणि न झाकलेल्या ठिकाणी रिप्लिकेशनचे फाटे (डीएनए उलगडून कॉपी होते त्या जागा) तुटायला लागतात. पेशीतला एटीआर हा पहारेकरी बंद पाडला की हेच घडते.

अजून एक, प्रायमरचा. पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज आधी ८ ते १० बेसचा आरएनए आणि पुढे वीसेक बेसचा डीएनए लिहिते. या अल्फाला प्रूफरीडिंग नाही! प्रत्येक ओकाझाकी तुकड्याची सुरुवात अशा न तपासलेल्या डीएनएने होते. मागून येणारे पॉलिमरेज डेल्टा, कड्यावर स्वार होऊन, पुढच्या तुकड्याचे हे टोक उचकटते. उचकटलेला पदर एफईएन१ कापते आणि लायगेज १ शिवते. डेल्टा, एफईएन१ आणि लायगेज तिघेही पीसीएनएला धरतात. पदर फार लांब झाला, तीस बेसच्या आसपास, तर त्यावर आरपीए बसते, एफईएन१ ला तो कापता येत नाही आणि मग डीएनए२ हे दुसरे एन्झाइम लागते. इतके करूनही यीस्टच्या जीनोममध्ये सुमारे १.५ टक्के डीएनए अल्फाने लिहिलेलाच राहतो. त्यावरच्या चुका मिसमॅच दुरुस्तीवर सोपवलेल्या असतात.

---

चोडण फेरी

सुरंगीताईंचे पटले, पण एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. "कडे लावले की चुका कमी होतात" असे सरसकट मुलांना सांगू नये. कडे पॉलिमरेजला घट्ट धरून ठेवते. चुकीचा बेस लागल्यावर किंवा समोर बिघडलेला बेस आल्यावर जे पॉलिमरेज एरवी सुटून पडले असते, ते कड्यामुळे तिथेच टिकते आणि रेटून पुढेही जाऊ शकते. म्हणजे तीच पकड कधी उलटही पडते. एकेका बेसची निवड हे खाचेचे काम आहे, कड्याचे नव्हे.

---

म्हादई

आक्षेप बरोबर आहे आणि माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कडे खाचेतली निवड सुधारत नाही. ते अचूकपणाला तीन वेगळ्या मार्गांनी उपयोगी पडते.

पहिला, तपासणीला मिळणारा वेळ आणि जागा. चुकीचा बेस लागला की पुढचा बेस जोडण्याचा वेग एकदम पडतो. प्रायमरचे टोक सैल होते, सुटते आणि ३ ते ४ नॅनोमीटर अंतरावरच्या एक्सोन्यूक्लिएज खाचेत जाते, तिथे चुकीचा बेस कापला जातो, टोक परत येते. मधल्या वेळात पॉलिमरेज सुटले तरी कडे जागेवर असते, त्यामुळे ते लगेच परत बसते. कडे नसते तर चुकलेले टोक उघडे पडले असते.

दुसरा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत देखणा: नवा स्ट्रँड कोणता हे ओळखणे. मिसमॅच सापडला, समजा जी समोर टी आहे. यातला चुकीचा कोण? नुसत्या जोडीकडे बघून सांगताच येत नाही. उलटा बदलला तर चूक कायमची कोरली जाते. ई. कोलायकडे यासाठी मिथाइल गटाची खूण आहे: जीएटीसी क्रमावर जुन्या स्ट्रँडला मिथाइल असतो, नव्याला काही मिनिटे नसतो, आणि म्यूटएच बिनखुणेचा स्ट्रँड कापते. आपल्याकडे ही सोय नाही. आपल्याकडे दिशा दाखवते पीसीएनए. कड्याच्या दोन बाजू वेगळ्या असतात, आणि लोडर त्याला नेहमी एकाच रोखाने चढवतो: समोरची बाजू नव्या स्ट्रँडच्या ३ प्राइम टोकाकडे. पॉलिमरेज निघून गेल्यावरही कड्याचे तोंड त्याच दिशेला राहते. एमएसएच२-एमएसएच६ मिसमॅच ओळखतात, एमएलएच१-पीएमएस२ त्या कड्याच्या संपर्कात येतात आणि पीएमएस२ ची कात्री नव्याच स्ट्रँडवर चालते. या चार जनुकांपैकी एक जन्मतः बिघडलेले असले की लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका. ई. कोलायमधली ही दुरुस्ती उलगडणारे पॉल मॉडरिच २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

तिसरा, योग्य वेळी योग्य एन्झाइम आणणे. तुम्ही म्हणता ते "रेटून जाणे" पेशी मुद्दाम आणि बंधनात राहून करते. भर दुपारी मिरामारच्या वाळूवर उभ्या माणसाच्या त्वचेत अतिनील किरणांनी शेजारचे दोन टी एकमेकांना जोडले जातात. डेल्टा किंवा एप्सिलॉन, ही आपली मुख्य पॉलिमरेज, तिथे अडते. मग आरएडी६-आरएडी१८ ही जोडी पीसीएनएच्या १६४ व्या लायसिनवर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन चिकटवते, आणि त्या खुणेवर पॉलिमरेज ईटा येऊन बसते. ईटाची खाच रुंद आहे, दोन जोडलेले टी तिच्यात मावतात आणि समोर बहुधा बरोबर दोन ए लिहिले जातात. तेच ईटा शाबूत डीएनएवर सोडले तर दर तीस ते शंभर बेसमागे एक चूक करते. म्हणून ते चार पावले चालून उतरलेच पाहिजे. ईटा जन्मतः नसलेल्यांना झेरोडर्मा पिग्मेंटोसमचा एक प्रकार होतो, उन्हाने त्वचेचे कर्करोग होतात.

खुद्द पीसीएनएच्या जनुकात एक अक्षर बदलून २२८ व्या जागी सेरिनऐवजी आयसोल्यूसिन आलेली माणसे २०१४ मध्ये नोंदली गेली: ऊन सोसत नाही, ऐकू कमी येते, चेतासंस्था हळूहळू खंगते. कड्यात तेवढासा बदल, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची पकड बिघडते.

---

दोनापावल

नळीत हे करून दाखवायचे असेल तर एम१३ वर्तुळाचा प्रयोग सगळ्यात स्वच्छ. एमएससी पातळीवर जमण्यासारखा आहे, म्हणून मापे लिहितो.

टेम्प्लेट (ज्याची कॉपी करायची तो डीएनए): एम१३एमपी१८ या जीवाणू-विषाणूच्या डीएनएचे एकेरी वर्तुळ, ७,२४९ बेस, त्यावर एक प्रायमर. २ नॅनोमोलर घ्या. आरपीए एका रेणूत ३० बेस झाकते, म्हणजे एका वर्तुळाला सुमारे २४० रेणू. २ नॅनोमोलर वर्तुळांना ४८० नॅनोमोलर लागेल, ५५० ते ६०० घाला. इथे कंजुषी केली की जेलवर अर्धवट पट्ट्यांची शिडी दिसते, आणि त्या पट्ट्या नेमक्या लुपांच्या जागी असतात. बाकी बफरमध्ये मॅग्नेशियम ८ मिलिमोलर, एटीपी १ मिलिमोलर, डीएनटीपी (डीएनएचा कच्चा माल, चार प्रकार) प्रत्येकी १०० मायक्रोमोलर. यीस्टची प्रथिने असतील तर ३० अंश, माणसाची असतील तर ३७.

क्रम पाळा. आधी आरपीए, मग पीसीएनए, आरएफसी आणि एटीपी एक मिनिट, शेवटी पॉलिमरेज डेल्टा. अल्कलाइन अॅगरोजवर ७.२ किलोबेसची पूर्ण लांबीची पट्टी आली पाहिजे.

नेहमी होणाऱ्या चुका. पीसीएनएची तीव्रता एकेका भागाची मोजली की तीन भागांच्या कड्याची, हे लिहून ठेवत नाहीत आणि तीनपट फरक पडतो: मिलिलिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे कड्याचे साधारण ११.५ मायक्रोमोलर. दुसरी चूक क्षाराची. मीठ फार कमी ठेवले तर डेल्टा कड्याशिवायही थोडेफार चालते आणि "पीसीएनएने काही फरक पडला नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. क्षार १०० ते १२५ मिलिमोलरवर नेला की कड्याशिवायची नळी कोरी पडते आणि कड्याची चालत राहते. पीसीएनए नसलेली एक आणि आरएफसी नसलेली एक, या दोन नळ्या हव्यातच.

आणि सरळ टेम्प्लेट वापरू नका. म्हादईबाबांच्या पडद्याच्या तारेचे टोक मोकळे सोडल्यासारखे होते, कडे घरंगळून उतरते. वापरायचेच असेल तर टोकांना बायोटिन लावून स्ट्रेप्टाव्हिडिनने बूच मारा. उलट बाजूही लक्षात घ्या: पीसीएनए भरपूर असले तर ते मोकळ्या टोकावरून स्वतःच ओवले जाते, आणि आरएफसी नसतानाही काम झालेले दिसते.

---

सुरंगी

यात भर: एसडीएस जेलवर पीसीएनएची पट्टी ३६ किलोडाल्टनच्या आसपास दिसते, प्रत्यक्ष वजन २९. प्रथिनात ऋण भाराची अमिनो आम्ले फार असल्याने ते जेलमधून हळू सरकते. चुकीचे प्रथिन आले म्हणून नमुना फेकू नका.

---

रापणकार

पीसीआर (नळीत डीएनएच्या असंख्य प्रती काढणे) करणाऱ्यांसाठी थोडक्यात. नळीत कडे नाही, मिसमॅच दुरुस्ती नाही, म्हणून पॉलिमरेज निवडणे एवढेच हातात. नेहमीच्या टॅक पॉलिमरेजला प्रूफरीडिंग नाही. ५० हजारात एक चूक धरा, १ किलोबेसचा तुकडा, २५ दुपटी: रेणूमागे सरासरी ०.५ चूक, म्हणजे शेकडा ६१ रेणूच निर्दोष. प्रूफरीडिंग असलेल्या पीएफयू पॉलिमरेजची चूक दहा लाखात १.३ धरली तर त्याच हिशेबाने ९७ टक्के निर्दोष. फ्युजनसारख्या एन्झाइममध्ये दुहेरी डीएनए धरणारे एक छोटे प्रथिन पॉलिमरेजलाच जोडलेले असते. तीच कड्याची कल्पना, अगदी साध्या रूपात. त्यामुळे किलोबेसला १५ ते ३० सेकंद पुरतात, टॅकला एक मिनिट द्यावे लागते.

पीएफयू अडकले तर युरॅसिल आठवा. गरम करताना थोड्या डीसीटीपीचे डीयूटीपी होते, ते कॉपीत शिरते, आणि आर्किया या सूक्ष्मजीवांची पॉलिमरेज (पीएफयू त्यांतलेच) टेम्प्लेटवर युरॅसिल दिसले की थांबतात. म्हणून चांगल्या किटमध्ये डीयूटीपेज मिसळलेले असते. डीएनटीपी चारही समान, प्रत्येकी २०० मायक्रोमोलर. एक कमी-जास्त झाला किंवा मॅग्नेशियम फार वाढवले की चुका वाढतात.

---

शापोराकाठ

देव बरे करो सगळ्यांचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. १८ मिनिटांचे राहिले. आणि फळ्यावर एकच जास्तीची आकृती काढायला वेळ असेल तर कोणती काढू?

---

म्हादई

१८ मिनिटांचा गुणाकार करून बघा. ४६ लाख बेसजोड्या, एकाच ठिकाणाहून दोन फाटे दोन दिशांना, म्हणजे प्रत्येकाला २३ लाख. १८ मिनिटे म्हणजे १,०८० सेकंद, वेग येतो सेकंदाला २,१०० च्या वर. प्रयोगांत मोजलेला वेग हजाराच्या आसपास आहे, त्याने २,३०० सेकंद लागतात, म्हणजे ३८ मिनिटे. परीक्षेत मुलांनी त्यांच्या पुस्तकातला आकडा लिहावा, वर्गात मात्र ४० चा हिशेब दाखवा. मग कोणीतरी विचारेलच की २० मिनिटांत विभागणारा जीवाणू ४० मिनिटांचे काम कसे संपवतो. पहिली फेरी संपायच्या आधीच दुसरी सुरू होते, त्यामुळे एका पेशीत एकाच वेळी चारपेक्षा जास्त फाटे धावत असतात.

आकृती कड्याची काढा, पण बाजूने. डीएनए आडवा, नव्या स्ट्रँडचे ३ प्राइम टोक उजवीकडे, कडे त्याच्या अलीकडे दुहेरी भागावर, आणि कड्याच्या उजव्या बाजूवर पॉलिमरेज. मग पॉलिमरेज पुसा, कडे तसेच ठेवा, मागे एक चुकीची जोडी काढा आणि मुलांना विचारा, नवा स्ट्रँड कोणता ते आता कशावरून ओळखाल?